तीन मतं

दिवे गेले आणि चार सेकंदांत परत आले. तेवढ्यात अडकलेला पत्रा काढायला, कारखान्यात सगळे ज्याला पैलवान म्हणत त्या कामगारानं उजवा हात पत्रा दाबणाऱ्या प्रेसमध्ये घातला होता. वीज येताच प्रेसनं अर्धवट राहिलेला ठोका आपणहून पूर्ण केला.

पैलवान ओरडला नाही. हाड मोडल्याचा आवाज मात्र शेडच्या दुसऱ्या टोकापर्यंत गेला. मिस्त्रीनं धावत येऊन मेन स्विच पाडला, पहार घालून चाक उलटं फिरवलं, साचा वर उचलला. जे हाती आलं ते त्यानं स्वतःच्या शर्टात गुंडाळलं. शर्ट लगेच भिजून जड झाला.

"घरी तू सांग," पैलवान म्हणाला. "फोनवर नको." मग त्याची शुद्ध गेली.

मिस्त्री बावीस वर्षं त्या कारखान्यात यंत्रं दुरुस्त करत होता. याच्या तोंडून शब्द काढायला पाना लागतो, असं कामगार म्हणायचे. पण सात महिन्यांपूर्वी प्रेसमध्ये लाकडाचा ठोकळा ठेवून त्यानं ही खोट स्वतः पकडली होती. प्रेस चालवणारा संगणकाचा प्रोग्रॅम फुकटातला, कुणी कुणी हौसेनं मिळून लिहिलेला. त्यातला बग, म्हणजे चूक, कुणीही त्यांच्या साइटवर कळवावा, इतरांनी बटण दाबून त्याला मत द्यावं, ज्याला जास्त मतं त्याचं काम आधी, अशी तिथली रीत. मिस्त्रीनं दोन सुट्ट्या घालवून सगळं लिहून काढलं. शुद्धलेखन बायकोनं तपासलं. मतं पडली तीन: त्याचं, बायकोचं आणि कुणा अनोळख्याचं. यादीत सर्वांत वर अकराशे चाळीस मतं होती. लोकांना स्क्रीनचा रंग काळा हवा होता.

त्यानं साहेबांना दाखवलं होतं.

"तीन मतं?" साहेब हसले. "म्हणजे अख्ख्या जगात तिघांनाच त्रास आहे, आणि त्यातले दोघं तुमच्याच घरचे. चालू द्या."

मिस्त्रीनं प्रेसवर एक पाटी लावली, 'वीज गेल्यास हात घालू नये', आणि प्रेस चालू दिली.

मनगटापासून हात काढावा लागला. दवाखान्याच्या बाकावर पैलवानची बायको बसली होती; मिस्त्रीच तिला घरी जाऊन सांगून घेऊन आला होता. शेजारी तिचा भाऊ, ट्रक चालवणारा, उभा होता.

"झालं कसं हे?" त्यानं विचारलं.

"यंत्रात खोट होती," मिस्त्री म्हणाला. "मला माहीत होती."

"कधीपासून?"

"सात महिने."

पहिला ठोसा तोंडावर बसला. मिस्त्रीच्या जिभेवर दाताचा तुकडा आला. दुसऱ्या ठोशाला डोकं भिंतीवर आपटलं, मग तो खाली पडला आणि बरगड्यांत लाथा बसू लागल्या. त्यानं हात वर केले नाहीत. दोन वॉर्डबॉयनी त्या माणसाला ओढून बाजूला केलं. पैलवानच्या बायकोनं भावाला एकदाही 'पुरे' म्हटलं नव्हतं. बरगड्यांपेक्षा मिस्त्रीला ते जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी त्यानं साइटवर आपल्या तक्रारीखाली चार ओळी लिहिल्या. झालं ते तेवढंच, काही न वाढवता. संध्याकाळपर्यंत मतं पाच हजारांवर गेली, आणि मतांमागून चिडलेली माणसं आली. तो प्रोग्रॅम सांभाळणारी एकच बाई होती. शाळेत गणित शिकवून उरलेल्या वेळात हे काम करायची. 'हिचेही हात तोडा' असं कुणी लिहिलं. कुणी तिच्या घराचा पत्ता टाकला. तिसऱ्या दिवशी खिडकीतून वीट आली.

तिनं मिस्त्रीला फोन केला.

"प्रेसचं तुम्हीच कळवलं होतं ना? मी दुरुस्ती केलीय. आज टाकते. पण त्या लोकांना थांबायला सांगा. माझ्या आईच्या कपाळाला सात टाके पडलेत."

"बाई, तेव्हा माझं वाचलं होतंत का?"

"वाचलं होतं. तीन मतं होती. मी वरचं आधी घेतलं."

"मलाही माहीत होतं," मिस्त्री म्हणाला. "मी तर रोज त्या प्रेससमोर उभा होतो."

हेच त्यानं साइटवर लिहिलं. बाईंना सोडा, प्रेस मी चालू दिली. शिव्यांचा लोंढा त्याच्याकडे वळला. एका सकाळी दारावर कुणीतरी लाल रंग ओतलेला दिसला. बायको रॉकेलचा बोळा घेऊन पुसायला बसली.

"लिहिलंत ते बरं केलंत," ती म्हणाली. "दाखवायचं तरी होतं आधी. चार चुका आहेत."

अडीच महिन्यांनी पैलवान कारखान्यात आला. उजव्या बाहीचं टोक पिन लावून दुमडलेलं होतं. नवा प्रोग्रॅम बसला होता, पण शंभरदा तपासल्याशिवाय मिस्त्री कुणाला प्रेसजवळ जाऊ देत नव्हता.

"वीज मी घालवतो," पैलवान म्हणाला.

तो डाव्या हातानं स्विच पाडायचा, परत चढवायचा. मिस्त्री साच्याखालच्या ठोकळ्याकडे बघत आकडा सांगायचा. ठोकळा तसाच राहिला. मध्येच जेवणाची सुट्टी झाली. दोघं हलले नाहीत.

शंभर झाल्यावर मिस्त्रीनं तपासणीचा कागद टेबलावर ठेवला. पैलवाननं पेन डाव्या मुठीत धरलं. पहिलं अक्षर कलंडलं, दुसरं रेघेखाली घसरलं. कागद सरकू लागला, तसा मिस्त्रीनं हात पुढे केला.

"राहू दे," पैलवान म्हणाला. त्यानं उजवं कोपर कागदावर दाबलं आणि खाली मान घालून आपलं नाव पुरं केलं.