दोन तोंडांचा डोंगा

त्या वर्षी आमच्या घरात कोणाचंच बूड एका जागी टेकत नव्हतं. माझे सासरे, रामाजी, अंगणातल्या बाजेवर बसत, उठत, काठी टेकत फाटकापर्यंत जात, परत येत आणि बाजेची दोरी सैल झाली म्हणून कुरकुरत. दोरी दोनदा आवळून झाली तरी कुरकुर संपेना. सासूबाई सुभद्रा त्यांच्या मागे पाण्याचा गडवा घेऊन. आणि आमचे हे, गिरिधर (आता वय झालं म्हणून नाव घेते, तेव्हा घेत नसे), घर आणि तलाव यांच्यात नुसत्या येरझारा घालत. मी सगळ्यांचं रांधायची आणि सगळ्यांवर चिडायची.

कारण एकच, डोंगा, म्हणजे तलावातली लहान होडी.

आमचं गाव मौद्याच्या अलीकडे. गावाचा तलाव जुना. पावसाळ्यापासून त्यात शिंगाड्याचे वेल असत. माघात वेल निघाले, गव्हाला पाणी सुटलं, की तलाव उतरत जाई, नितळ होई, आणि मांडीभर पाण्यात मरळ मासा नुसत्या डोळ्यांना दिसे. जाळं टाकणारे ढिवर गावात पुष्कळ होते. धनुष्यानं मासा मारणारा मात्र एकच, आमचे मामाजी, म्हणजे माझे सासरे. घर शेतकऱ्याचं, पण तरुणपणी तेंदूपत्त्याच्या कामावर जंगलात असताना एका गोंड म्हाताऱ्यापाशी ते ही विद्या शिकले. बाणाच्या शेपटीला दोरी बांधलेली. मासा दिसतो तिथे नसतो, त्याच्या खाली असतो, हे ते मला लग्नानंतर कितीदा तरी समजावून सांगत. मला मासा खाण्यापुरता कळे.

मागल्या पावसाळ्यात त्यांना लकवा मारला. उजवं अंग गेलं. पाय ओढत का होईना, ते चालायला लागले. हातही आला, असं ते सगळ्यांना सांगत. दिवाळीच्या पाडव्याला त्यांनी खुंटीवरच्या धनुष्याकडे बोट दाखवून जाहीर केलं, "होळीच्या आत डोंग्यात उभं राहून मरळ मारली तं मारली. नाई तं ते होळीत टाकीन. बाजेवर बसून त्याच्याकडे पाहत मराचं नाई मले."

ते म्हणतील तसंच करतील, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. धनुष्य जळालं, की त्यामागून माणूसही फार दिवस राहणार नाही, याची मला भीती वाटत होती. सासूबाईंनाही वाटत असणार.

जुना डोंगा मोहाच्या खोडातून कोरलेला, पोटाला गोल. धडधाकट माणूस त्यात श्वास रोखून उभा राही. म्हणून ह्यांनी नवा करायचं मनावर घेतलं. हे कन्हानला एका कारखान्यात फिटर. आधी जुन्या पिंपांचा पत्रा आणून ठोकला. तो डोंगा पाण्यात घातला, की बांबूचा धक्का लागताच असा वाजे, की तलावातल्या यच्चयावत मासोळ्यांना दवंडी पिटल्यासारखं होई. तो गोठ्यात गेला आणि त्यातून गुरं पाणी प्यायला लागली.

मग लकडगंजातून सागवानी फळ्या आल्या. नत्थूजी सुतार अंगणात येऊन बसले. या वेळी तळ सपाट केला. सपाट तळाचा डोंगा वीतभर पाण्यातही तरंगे आणि त्यात उभं राहिलं तर जमिनीवर उभं राहिल्यासारखं वाटे. मला वाटलं, सुटलो. पण पुढची बाजू चौकोनी होती. प्रत्येक धक्क्याला ती पाण्यावर थप्प आपटे आणि मरळ चिखलात गडप. हे घरी आले, जेवले नाहीत, फळ्या उपटायला बसले. "तोंड वर उचलाले पाह्यजे," एवढंच बोलले. फळी ओली करून, आगीवर शेकून, दगडांखाली वाकवून त्यांनी आणि नत्थूजींनी डोंग्याचं पुढलं तोंड वर उचललं. आता डोंगा पाण्यावर आपटेना, पाणी त्याच्याखालून गुपचूप सरके.

मग ह्यांनी स्वतः धनुष्य घेऊन डोंग्यात उभं राहून पाहिलं आणि मला हाका मारून बोलावलं. एवढे खूश मी त्यांना कधी पाहिले नव्हते.

"हे पाह्य. बाबा उजव्या हातानं दोरी वढतीन, म्हणजे डावीकडे वाकतीन. म्हणून उभं राहाची फळी उजव्या काठाले ठोकली, न तिच्याखाली लोखंडाचं वजन पक्कं केलं. आता कितीबी वाकले तं डोंगा हलत नाई."

नत्थूजींनी मान डोलावली. शेजारी बघायला आलेल्यांनी वाहवा केली. मी मात्र त्या फळीकडेच बघत राहिले.

कारण मला एक गोष्ट ठाऊक होती. दिवाळीपासून मामाजी ओसरीवर पंगतीत जेवत नसत. वारा लागतो म्हणून मागल्या खोलीत, भिंतीकडे तोंड करून, एकटे. ताट मी नेऊन ठेवी आणि दार लोटून घेई. एकदा ताक विसरले म्हणून परत गेले, तर ते डाव्या हातानं जेवत होते. घास तोंडापाशीच थांबला. आमच्याकडे लहान पोरानं ताटात डावा हात घातला तर त्याच्या हातावर चापट बसते, आणि इथे गावातल्या प्रत्येक लग्नात पहिल्या पंगतीला बसणारा माणूस भिंतीकडे तोंड करून चोरासारखा भात खात होता. मला इतकं वाईट वाटलं, की ताकाचा गडवा हातातच राहिला.

"शामला," ते म्हणाले, "कोणाले सांगशीन तं या घरचं अन्न शिवणार नाई मी."

मग एका दुपारी गोठ्यात पाहिलं. उजव्या मनगटाला धनुष्य फडक्यानं बांधलेलं, गाठ दातांनी मारलेली, आणि दोरी डाव्या हातात. समोर कुटाराचं, भुश्श्याचं पोतं. बाण पोत्याच्या मधोमध, एकामागून एक. म्हणजे त्यांना येत होतं! हिवाळाभर गुपचूप शिकले होते. पण आता ते उजवीकडे वाकणार, आणि लेकानं सगळं वजन उजवीकडेच पक्कं करून ठेवलेलं. पहिल्याच बाणाला डोंगा पालथा, खाली चिखल, एक पाय मेलेला, आणि तलावाच्या बांधावर, पाळीवर, सगळं गाव उभं.

सांगावं तर शपथ, न सांगावं तर हे असं. भाकरी करपायला लागल्या. सासूबाई म्हणाल्या, "पोरी, लक्ष कुठी आहे वं तुहं?"

शेवटी मी अंगणात गेले आणि पदर खोचून ह्यांना म्हटलं, "मागलं तोंडबी तसंच वर उचला."

"काहून?"

"उचला म्हणते ना."

"अवं, डोंगा पुढं जाते का मागं? तुले का समजते त्यातलं?"

मग माझंही डोकं फिरलं. माझं माहेर भंडाऱ्याकडचं, तलावाकाठचं. ढिवरांच्या पोरींबरोबर शिंगाडे तोडतच मी वाढले. "शिंगाड्याच्या काड्यांत डोंगा वळवता येते का?" मी म्हटलं. "आमच्याकडे दोन्ही तोंडं सारखी राहतात. माणूस बांबू घेऊन इकडून तिकडे गेला, का डोंगा उलटा चालते. तुमच्या कारखान्यात शिंगाडे पिकत नसतीन, म्हणून माहीत नसन."

ह्यांनी हातातला रंधा फेकला. चहा न घेता तलावावर निघून गेले. नत्थूजी तंबाखू चोळत राहिले. संध्याकाळी हे परत आले, माझ्याकडे न बघता मागली फळी ओली करायला लागले. पाणी रोज उतरत होतं, होळीची लाकडं जमायला लागली होती, रुसायला कोणाला सवड नव्हती.

दोन्ही तोंडं वर झाली, त्या दिवशी मी ताट ठेवताना दाराकडेच बघत म्हटलं, "मामाजी, डोंग्याले आता दोन तोंडं आहेत. वजन ज्या बाजूले पाह्यजे, त्या हिशोबानं इकडे तोंड करून उभं राहा, नाई तं तिकडे. उलटं उभं राहिलं, का उजवीकडचं वजन डावीकडे येते."

मागे घास चावायचा आवाज थांबला. मी दार लोटून घेतलं.

दुसऱ्या सकाळी ते निघाले. काठीही घेतली नाही, ह्यांच्या खांद्यावर हात. पाळीवर ही गर्दी! मी धुण्याची बादली घेऊन घाटावर बसले. सासूबाई माझ्याशेजारी, एकच लुगडं पुन्हा पुन्हा पिळत.

हे मागे बांबू घेऊन उभे. मामाजी फळीवर, पुढे तोंड करून. फिरले नाहीत! इतक्या लोकांसमोर डावा हात काढायला त्यांचं मन धजेना. उजव्या हातानं बाण लावायला गेले. बोटांत धरला न धरला आणि तो डोंग्यात पडला. परत उचलला, परत पडला. पाळीवर कोणीतरी खाकरलं. मामाजी मटकन खाली बसले. ह्यांना काय झालं ते कळेना. त्यांनी मान खाली घातली आणि डोंगा काठाकडे आणायला बांबू टेकला.

मी उठले. पदर डोक्यावरून पडला तो पडलाच.

"मामाजी! तोंड फिरवा!"

तलावभर आवाज गेला. सुनेनं सासऱ्यावर असं ओरडावं? पाळीवरच्या बायका माझ्याकडे वळल्या. सासूबाईंनी माझं मनगट धरलं. मला वाटलं, खाली बसवतात. पण त्या नुसत्या धरूनच राहिल्या, बांगड्या रुतेपर्यंत.

मामाजींनी खांद्यावरचा दुपट्टा काढला, त्यानं धनुष्य उजव्या मनगटाला आवळलं, सगळ्या गावासमोर दातांनी गाठ मारली आणि उभे राहिले. मागल्या तोंडाकडे, म्हणजे लेकाकडे तोंड करून. ह्यांनी बांबू उचलला, बापाला वळसा घालून दुसऱ्या टोकाला गेले आणि तिथून डोंगा ढकलू लागले. डोंगा उलटा निघाला. एक थेंब वाजला नाही.

पहिला बाण पाण्यातच गेला. दुसरा गेला आणि दोरी ताठ झाली. मामाजी उजवीकडे पार वाकले होते. डोंगा किंचित कलला आणि थांबला. मासा वर आला तेव्हा पाळीवर एकच गिल्ला झाला. मला काही दिसेना, डोळे भरून आले होते.

काठावर आल्यावर हे हळूच म्हणाले, "तुले माहीत होतं."

"हो."

"मले काहून नाई सांगतलं?"

"त्यायचं होतं ते. माहं नोतं."

ह्यांनी मान हलवली आणि डोंगा वर ओढायला गेले.

दुपारी मरळीचा रस्सा आणि भात झाला. मी मामाजींचं ताट मागल्या खोलीत नेत होते, तर ते पाय ओढत ओसरीवर आले आणि ह्यांच्या शेजारच्या पाटावर बसले. मी ताट त्यांच्यापुढे ठेवलं. रोजच्यासारखं वाढलेलं, मीठ-लिंबू डावीकडे, रश्श्याची वाटी उजवीकडे. ते ताटाकडे बघत राहिले. दोन्ही हात मांडीवर. ह्यांनीही घास घेतला नाही. मला वाटलं, आता उठतात आणि जातात भिंतीकडे.

सासूबाई चुलीपासून आल्या. त्यांच्यासमोर बसल्या आणि दोन बोटांनी ताट अर्धं फिरवलं. मीठ-लिंबू उजवीकडे गेलं, वाटी डावीकडे आली.

"जेवा," त्या म्हणाल्या. "थंडं होऊन राहिलं."