आपले आभार

विद्यापीठातल्या कुठल्याही कार्यक्रमात सगळ्यात उपेक्षित काम कुठलं, तर आभारप्रदर्शन. प्रास्ताविक करणारा नमनाला घडाभर तेल घालतो, पण तेव्हा निदान लोक ताजे असतात. वक्त्याचं 'दोन शब्द बोलतो' म्हणून सुरू झालेलं तासाभराचं व्याख्यान संपलं, की निम्म्या सभागृहाच्या पिशव्या खांद्यावर चढतात, बाहेर चहाच्या कपांचा आवाज येऊ लागतो आणि तेव्हा कुठे आभार मानणारा माइकपाशी पोचतो. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच.

पण भूगोलाच्या बाई आभाराला उभ्या राहिल्या की लोक परत बसायचे. त्यांना सगळं विद्यापीठ आभारबाई म्हणायचं, तोंडावरसुद्धा. व्याख्यानमाला असो, परिसंवाद असो, नाटकांची स्पर्धा असो, शेवटी त्या हव्यातच. बाईंचं एक ठरलेलं वाक्य होतं. तसं ते जगातला प्रत्येक आभार मानणारा म्हणतो, पण त्यांच्या तोंडी ते खरं वाटायचं. "काही माणसांचे मी आभार मानणार नाही. आभार परक्यांचे मानायचे असतात. मानले की माणूस मोकळा होतो, आपल्या वाटेनं जातो. ह्यांना मी मोकळं करणार नाही, ह्यांच्या ऋणातच राहणार!" टाळ्या पडायच्या. मग चहा.

हेच वाक्य त्यांनी गेल्या वर्षी दादाबद्दल म्हटलं होतं.

दादा म्हणजे त्यांचा थोरला भाऊ. त्याच विद्यापीठात प्राणिशास्त्र शिकवायचा. आईवडील लवकर गेले, तेव्हा तो कॉलेजात होता आणि बाई दुसरीत. त्यानं त्यांना वाढवलं. पडद्याच्या दोरीवर सराव करून तो वेणी घालायला शिकला. ती वेणी शेवटपर्यंत वाकडीच यायची, पण बाईंनी दुसऱ्या कुणाला कधी घालू दिली नाही. तो जाईल तिथे त्या मागे, म्हणून तो त्यांना 'शेपूट' म्हणायचा. पुढे त्या कार्यक्रमांचे आभार मानायला लागल्यावर तर त्याला फारच मजा वाटली. "बघ, नाव सार्थ केलंस. हत्ती गेला की उरतं ते तूच!"

गेल्या वर्षीच्या वार्षिक व्याख्यानाला त्याला बोलावलं होतं. मुंग्यांवर बोलला आणि लोक हसून हसून बेजार झाले. बोलून झाल्यावर तो व्यासपीठावर थांबलाच नाही. मिळालेला पुष्पगुच्छ घेऊन खाली उतरला आणि तिसऱ्या रांगेत कडेच्या खुर्चीवर, वहिनीशेजारी जाऊन बसला. "आता शेपटाचं ऐकू या," असं मोठ्यानं म्हणाला. बाईंना भरून आलं. त्या म्हणाल्या, "दादा, तुझे आभार मी मानणार नाही. तुला मोकळं करणारच नाही. कायम तुझ्या ऋणात राहणार." टाळ्यांचा कडकडाट झाला. चहाच्या वेळी वहिनी तेवढी म्हणाली, "मोकळं करणार नाही काय गं? भरल्या सभेत असं बोलू नये, वास्तू तथास्तु म्हणते." तिघंही हसली.

पुढच्याच महिन्यात दादा गेला. सकाळी बूट घालायला वाकला, तो उठलाच नाही.

सभागृहातल्या खुर्च्या स्प्रिंगच्या होत्या. माणूस उठला की बैठक आपोआप वर व्हायची. दादा गेल्यानंतरच्या पहिल्या कार्यक्रमाला, एका कंटाळवाण्या परिसंवादाला, बाई आभाराला उभ्या राहिल्या. समोर चारशे खुर्च्या, माणसं जेमतेम तीस. रिकाम्या खुर्च्यांच्या बैठका सगळ्या वर आणि तिसऱ्या रांगेतली कडेची तेवढी खाली. बाईंनी मनात म्हटलं, स्प्रिंग गेली असेल. सभागृह सांभाळणाऱ्या काकांनाही तसंच वाटलं. त्यांनी तेल घातलं, बैठक हातानं वर केली. ती वर राहिली. पुढच्या कार्यक्रमात पुन्हा खाली.

त्या दुसऱ्या वेळी बाईंना तो दिसला.

व्याख्यान चालू असताना प्रेक्षकांत अंधार असतो. आभाराला दिवे लागतात. दिवे लागले आणि दादा तिथे बसलेला होता. अंगात त्या दिवसाचंच करडं जाकीट, मांडीवर पुष्पगुच्छ, पायाशी टिपणांची पिशवी. बाईंनी आभारांची नावं घ्यायला सुरुवात केली तसा तो खुर्चीत जरा पुढे सरकला. प्रत्येक नावाला त्याचं बूड किंचित उचललं जायचं, आपलं नाव आलं की उठून नमस्कार करायचा, अशा तयारीनं. शेवटचं नाव झालं. त्याचं आलं नाही. तो पुन्हा मागे टेकला आणि त्यानं घड्याळ बघितलं.

कार्यक्रम संपल्यावर ज्या पाहुण्याला न्यायला गाडी आलेली नसते, तो जसा बसतो, तसा तो बसला होता. रागावलेला नाही, पण निघायचं मात्र आहे.

दुसरं कुणी असतं तर किंचाळलं असतं. बाईंना आनंद झाला. हो, आनंदच. लपवून काय उपयोग? ज्या माणसाला पुन्हा बघायला त्या काय वाटेल ते द्यायला तयार होत्या, तो हक्काच्या ठिकाणी, तिसऱ्या रांगेत बसलेला होता. ते वाक्य त्यांना आठवलं, वहिनीचं 'तथास्तु' आठवलं, आणि सगळा उलगडा उभ्या जागी झाला. त्या कुणाला काही बोलल्या नाहीत. पण त्या दिवसापासून रसायनशास्त्राचं चर्चासत्र असो की वक्तृत्व स्पर्धेची प्राथमिक फेरी, बाई स्वतःहून आभार मागून घेऊ लागल्या. विभागप्रमुख चेष्टेनं म्हणाले, "बाई, आता लोकांच्या घरच्या जेवणांचेही आभार मानाल!" बाई हसल्या. त्यांना पंधरवड्यातून एकदा भाऊ भेटत होता, लोक काय म्हणतात ह्याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं.

फक्त पुष्पगुच्छ सुकत चालला होता.

आधी पाकळ्यांच्या कडा काळ्या पडल्या. मग पाकळ्या गेल्या. पुढे पुढे नुसत्या काड्या आणि त्यांच्याभोवती चकाकणारा कागद. दादाही तसाच चालला होता. जाकिटाचे खांदे उतरले, मान पुढे आली. नावं घेताना तो अजूनही दर वेळी अर्धवट उठायचा, पण आता हातांवर भार देऊन, आणि बसताना त्याचे ओठ हलायचे. बाईंनी ते एकदा नीट वाचले. 'झालं का?' विचारत होता.

बाईंनी त्या दिवशी मान फिरवली. पुढच्या कार्यक्रमाचे आभारही त्यांनीच मागून घेतले.

वर्ष झालं. विद्यापीठानं वार्षिक व्याख्यान यंदा दादाच्या स्मरणार्थ ठेवलं. वहिनीला अर्थातच बोलावणं होतं. ती लवकर आली, सभागृह अजून रिकामंच होतं. बाई व्यासपीठावर माइक तपासून बघत होत्या. काकांनी वहिनीसाठी पहिल्या रांगेत जागा राखली होती, पण ती तिथे थांबली नाही. तिसऱ्या रांगेपाशी गेली, कडेच्या त्या खुर्चीसमोर उभी राहिली. बैठक खाली होती. वहिनी त्यावर बसली नाही. तिनं खुर्चीवर हात ठेवला, काढला, पुन्हा ठेवला.

"इथे कुणी बसलं होतं का गं आत्ता?"

"नाही," बाई वरून म्हणाल्या. तो शब्द माइकमधून सगळ्या सभागृहभर घुमला.

"ऊब आहे," वहिनी म्हणाली आणि शेजारच्या खुर्चीवर बसली. जराशानं, खुर्चीवरचा हात न काढता, ती बोलू लागली. "तुला एक विचारू? तुझ्या स्वप्नात येतात का गं हे?"

बाई खाली उतरून तिच्याजवळ आल्या. "नाही. का?"

"माझ्याही येत नाहीत. वर्ष झालं, एकदासुद्धा नाही. लोकांची माणसं येतात, काहीतरी सांगून जातात, निदान पाठमोरी तरी दिसतात. तुला ठाऊकच आहे, जगाच्या पाठीवर कुठेही गेले तरी रात्री ह्यांना घरचीच उशी लागायची. मी रोज ती उशी झटकून ठेवते. मला वाटतं, कुठेतरी अडकलेत. कुणीतरी बसवून ठेवलंय." मग तीच हसली. "वेडी झालेय मी, दुसरं काय?"

आपण चोरी करतो आहोत आणि जिच्या घरची चोरी, तीच आपल्यापाशी गाऱ्हाणं सांगते आहे, हे त्यांना इतकं स्वच्छ दिसलं की त्यांना वहिनीच्या डोळ्यांत बघवेना. त्यांनी तिचा हात दाबला आणि त्या व्यासपीठावर परत गेल्या.

व्याख्यान झालं. कशावर झालं ते बाईंना सांगता आलं नसतं. दिवे लागले. तिसऱ्या रांगेत वहिनी होती आणि तिच्या शेजारी दादा, हातात चार काड्या घेऊन. बाईंनी वक्त्यांचे आभार मानले, विभागप्रमुखांचे मानले, काकांचे मानले, माइकवाल्याचे मानले. प्रत्येक नावाला तो उठायची खटपट करत होता.

"आणि दादा," बाई म्हणाल्या. "दादा, तुझे..."

तो उठला नाही. 'तुझे' ऐकल्याबरोबर तो मागे टेकला, घरच्या माणसानं 'थांब रे जरा' म्हटल्यावर माणूस टेकतो तसा. बाईंना कळलं. 'तू' म्हटलेल्या माणसाला निरोप लागत नाही. आभार परक्यांचे मानायचे असतात, हे त्यांनीच शंभर वेळा सांगितलं होतं.

त्यांनी दोन्ही हातांनी माइकचा दांडा धरला. दादाला त्यांनी जन्मात अहोजाहो केलं नव्हतं. जीभ वळेना. वाकडी वेणी आठवली, आणि त्यांनी ती मुद्दाम बाजूला सारली.

"गेल्या वर्षीचे आपले प्रमुख वक्ते," त्या म्हणाल्या, "त्यांचे आभार मानायचे राहून गेले होते. सर, आपण वेळात वेळ काढून इथे आलात. आपला फार वेळ घेतला, त्याबद्दल क्षमस्व. मी आपले मनःपूर्वक आभार मानते. कार्यक्रम संपला आहे."

तिसऱ्या रांगेतली बैठक खाडकन वर झाली.

वहिनी दचकली. बाकीच्यांना वाटलं, कुणीतरी चहासाठी उठलं. गेल्या वर्षीचे वक्ते मधल्या वाटेनं गेले, पिशवी सावरत, बऱ्यापैकी ताठ. जाताना त्यांनी उजवी-डावीकडे मान लववली, पाहुणे करतात तशी. दाराशी गेल्यावर व्यासपीठाकडे बघून त्यांनी सौजन्यानं एक नमस्कार केला. दार हललं. बाई टाळ्या संपेपर्यंत तिथेच उभ्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळीच वहिनीचा फोन आला. आवाज इतका मोकळा, की बाईंना आधी ओळखूच आला नाही.

"आले गं काल! स्वप्नात आले! दारात बूट काढले, हाश्श म्हणाले, उशीवर डोकं टेकलं. म्हणाले, कार्यक्रम फारच लांबला."

"बरे आहेत ना?" बाईंनी विचारलं. 'आहेत' आपल्या तोंडून कसं गेलं, हे त्यांच्याच लक्षात आलं नाही.

"छान दिसत होते."

"माझ्याबद्दल काही बोलले?"

वहिनी जरा घुटमळली. "स्वप्नंच ती, मनाला लावून घेऊ नकोस. म्हणाले, शेवटी आभार फार सुरेख मानले हो त्या बाईंनी. कोण होत्या त्या?"

बाईंनी फोन दुसऱ्या कानाला लावला. "मग तू काय सांगितलंस?"

"सांगणारच होते गं," वहिनी म्हणाली, "तेवढ्यात मला जाग आली."