लाल रेघेवरचे सहा ठिपके

साल दोन हजार सहा, अकरा जानेवारी, सकाळचे सहा वाजून दहा मिनिटं. त्या मिनिटाला आदिलाबादच्या एका स्वयंपाकघरात लाल पेन्सिल कागदावर टेकली आणि मी जन्मले. मी एक रेघ बोलतेय. सरळ नाही, सलगही नाही. तुटक तुटक, आधी वर चढणारी आणि मग खाली वाकणारी.

माझी थोरली बहीण निळी. पद्मिनीताई कॉलेजात शिकवायच्या आणि बेल्याकडच्या एका गावासाठी पाणी साफ करायच्या मशीनचं गणित मांडत होत्या. त्या गावच्या बोअरच्या पाण्यात फ्लोराइड. ते दिसत नाही, चवीला लागत नाही, पण लेकरांचे दात उगवतानाच तपकिरी होतात. मशीनमध्ये एक बारीक पडदा असतो. पाणी दाबानं त्यावर सोडलं की चांगलं पाणी पलीकडे जातं, क्षार आणि फ्लोराइड अलीकडे राहतात. ते उरलेलं पाणी नालीत सोडायचं. मशीन गावात यायच्या आधीच ताईंनी कागदावर काढलं, कोणत्या दिवशी तासाला किती पाणी मिळेल. तीच निळी रेघ. हजार लिटर, शांत, सपाट.

त्यानंतर ताई दूध तापवत उभ्या होत्या. ढवळत होत्या तोवर साय नव्हती. हात थांबला तशी साय धरली. त्या मनाशीच म्हणाल्या, "आपली माणसं अर्धं पाणी नालीत जाऊ देतील होय? कॉक आवळतीलच." नालीत जाणारं ते पाणीच पडद्याला ढवळत असतं. ते कमी झालं की आधी चांगलं पाणी वाढणार, मग पडद्यावर क्षार सायीसारखे बसून ते घटत जाणार. ताई दोन दिवस पुन्हा गणिताला बसल्या आणि तिसऱ्या सकाळी मी निघाले. निळी नुसत्या पाण्याच्या गणितातून आली. माझ्यात पाणी आहे आणि माणूसही आहे. याचा मला अभिमान वाटतो, लपवत नाही.

मार्चमध्ये मशीन बसलं आणि आमचा कागद भिंतीला चिकटला. रोज पाणी मोजून ठिपका द्यायचं काम भागीरथाला मिळालं, कारण ती सातवी शिकलेली. तिचे दात तपकिरी होते. हसताना पदर तोंडावर जायचा. लेक चंद्री दीड वर्षाची. तोंडात दुधाचे दात, पक्के अजून आत हिरडीत घडत होते. भागीरथा रोज तिचं तोंड उघडून बघायची.

उद्घाटनाला ताई आल्या. माझ्यावर बोट ठेवून त्यांनी दुधाची गोष्ट सांगितली. पुरुष मंडळी लाडू खाण्यात होती. ऐकलं एकट्या भागीरथानं.

मशीन सांभाळायचा चंपत. पोरं त्याला चंपतमामा म्हणायची, भागीरथा चंपतभाऊ. ताई गेल्या, आणि दुसऱ्या दिवसापासून ठिपके निळीच्या वर चढायला लागले. एक हजार चाळीस. अकराशे. गाव खूश.

"मशीन रवां झाली, मस्त चालून राह्यली," चंपत मिशी पुसत म्हणायचा.

मला मात्र ठाऊक होतं. ते ठिपके नुसते निळीच्या वर नव्हते, नेमके माझ्यावर होते.

पाचव्या दिवशी भागीरथाची पेन्सिल थांबली.

"चंपतभाऊ, नालीचा कॉक फिरवला का तुमी?"

"नायी बा."

ती बघतच राहिली.

"जरासाक फिरवला. अर्धं पाणी नालीत चाललं, डोयानं पाहवत नव्हतं मले. अन् पाणी वाढलं ना? मंग काऊन भेऊन राह्यली तू?"

"उद्यापासून हे रेघ खाली येते, भाऊ. पडद्यावर साय धरून राह्यली."

"पाणी का दूध हाय का? अन् कागद पाणी पेते का, त्याले काय समजते?"

"चंद्रीचे पक्के दात आता हिरडीत बनून राह्यले. पडदा खराब झाला तं नवा कधी येईन? तोवर त्याच बोअरचं पाणी पाजू मी तिले?"

चंपतनं स्वतःच्या दातांवरून जीभ फिरवली. मग म्हणाला, "उद्या मोजू. तुह्या लाल रेघेवर ठिपका पडला तं हात जोडीन. नायी पडला तं कागद फाडीन."

त्या दिवसासारखी भीती मला कधी वाटली नाही. खरी ठरले तर पडदा बिघडतोय. खोटी ठरले तर फाटणार.

सकाळी चंपतनं स्वतः पिंप भरलं, स्वतः घड्याळ धरलं. अकराशेवरून एक हजार सत्तर. भागीरथानं ठिपका दिला. सहावा. बरोबर माझ्यावर, जिथं मी खाली वाकते तिथं.

 चंपतनं आत जाऊन कॉक पूर्ण उघडला, बाहेर येऊन कागदाला हात जोडले आणि म्हणाला, "ताईले सांगू नको."

भागीरथानं सांगितलंच. ताईंनी पडदा धुवायचं औषध पाठवलं. आठ दिवसांत ठिपके मला सोडून निळीवर गेले. नालीचं पाणी डोळ्याला टोचू नये म्हणून चंपतनं हौद बांधला. आता त्यात भांडी, गोधड्या धुतात. वर त्यानंच लिहिलंय, 'पिऊ नये.'

त्याला सात वर्षं झाली. कागद पिवळा पडला, माझा लाल रंग विटून गुलाबी झाला. चंद्री भुट्टा पुढच्या दातांनी सोलून खाते. पांढरे दात. ती खाताना भागीरथा हसते, पदर खांद्यावरच असतो.

माझ्या अंगावर त्या सहा ठिपक्यांनंतर एकही ठिपका पडला नाही. रेघेला एकटं राहणं आवडत नसेल असं वाटतं ना? मला आवडतं. मी एकटी आहे म्हणजे पडदा ठीक आहे.

तुमच्या गावात असं मशीन असेल तर एवढं सांगा, नालीचं पाणी वाया जात नाही, ते ढवळतंय. तुमच्या चंपतला सांगा, बहीण दिली असेल त्या गावालाही सांगा. आणि पाणी एकाएकी जास्त यायला लागलं, तर खूश व्हायच्या आधी एकदा कॉक बघा.