मोकळी दावण

"आदी हिचं रगात घ्या डाक्टर, मग बाकीच्यांचं," भाऊसो म्हणाला आणि धाकट्या भावजयीला खुर्चीत बसवून स्वतः शेजारी उभा राहिला. जणू ती पळूनच जाणार होती.

बनुबाईने पदर सावरून हात पुढे केला. गावच्या शाळेत साताऱ्याहून डॉक्टरांचं पथक आलं होतं. कृष्णेच्या महापुराला वर्षं लोटली, तरी काही माणसं अजून दचकतात, झोपत नाहीत, आणि त्याच गल्लीतली दुसरी सावरतात. असं का होतं ते त्यांना शोधायचं होतं. त्यासाठी ते रक्त घेत होते आणि घरची हकीकत विचारत होते. भाऊसोला त्यातलं रक्त तेवढं कळलं होतं.

"हिच्या म्हायेरातच हाय त्ये," तो डॉक्टर स्वानंदीला सांगू लागला. "हिचा बा फौजेत हुता. लढाईवरनं आला त्यो बसूनच झोपायचा म्हनं. त्येच हिच्यात उतरलंय. दिसंल त्येचं जनावर सोडती. आमचं तर सोडतीच, लोकांचं बी. आता हिच्या पोरीचं लगीन काढलंय, कुंडलची तालेवार मानसं हायती. त्येंच्याम्होरं काय झालं म्हंजे? म्हनून लगीन हुईस्तवर हिला म्हायेरी धाडतोय. आज सांजच्या गाडीनं. तुमी फकस्त रगातलं हाय म्हनून सांगा, म्हंजे झालं."

पोरीच्या लग्नात आईच नको, हे त्याने असं सांगितलं, जसा काही मांडवाचा रंग ठरवत होता. दाराशी बनुबाईचा नवरा धनाजी उभा होता. तो आपल्या चपलांकडे बघत राहिला.

"एकेकाचं असं काही सांगत नाही आम्ही," स्वानंदी म्हणाली. "थोडं रक्तात येतं, हे खरं. एखाद्याला धक्का जास्त खोल बसतो. पण पुढे तो सावरतो की नाही, हे भोवतालच्या माणसांवरही पुष्कळ असतं."

"म्हंजे रगातच की," भाऊसो म्हणाला आणि रांगेकडे बघून हसला. रांगही हसली.

रांगेला हसायला काय जातंय? ही बाई जनावरं का सोडते, हे त्या रांगेतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. पुराचं पाणी भर दुपारी गल्लीत शिरलं तेव्हा बनुबाई विळा घेऊन गोठ्याकडे धावली होती, दावी कापायला. भाऊसोने तिला अडवलं. गुरं सोडली तर लोकांच्या उसात शिरतील, नसती भांडणं होतील, पाणी काय संध्याकाळपर्यंत उतरेल, असं त्याचं म्हणणं. थोरल्याचा शब्द. धनाजीने बायकोच्या हातातला विळा काढून घेतला आणि तिला ओढत शाळेच्या गच्चीवर आणलं. हीच ती शाळा. गच्चीवरून गोठ्याचे पत्रे दिसत होते. बांधलेली जनावरं हंबरत होती, आणि अख्खी गल्ली ऐकत होती. मग एकेक आवाज थांबत गेला. पाणी उतरल्यावर ती दाव्यानिशी सापडली.

त्यानंतर भाऊसोने त्या दुपारचा विषय निघू दिला नाही, आणि गावही मूग गिळून बसलं. बांधलेलं जनावर दिसलं की बनुबाई हातातलं काम टाकून धावायची. ती गाठ सोडायची आणि मग तिला श्वास यायचा. पोरं तिला सोडीबाई म्हणून चिडवायची. ज्याच्या तोंडच्या शब्दाने गोठा बुडाला तो शहाणा ठरला, आणि जिने विळा उचलला होता ती वेडी. वर आता खापर कुणाच्या माथी, तर वाईजवळच्या खेड्यात राहणाऱ्या तिच्या म्हाताऱ्या फौजी बापाच्या रक्ताच्या!

"बनुताई, तुम्हाला काही सांगायचंय?" स्वानंदीने विचारलं.

आजवर हा प्रश्न तिला कोणी विचारलाच नव्हता.

"सांगते की," बनुबाई म्हणाली. "माजं आबा दचकून उटायचं, ही खरी गोष्ट हाय. पर आबा उटलं की माजी आई चूल पेटवून चा ठेवायची. त्येंच्याशेजारी बसून ऱ्हायाची. गावात एक मानूस हासलं न्हाई. फौजी हाय, सावध झोपतंय, म्हनायचं. आबा सावरलं. म्होरं सरपंच झालं गावचं." तिने भाऊसोकडे पाहिलं. "रगात त्येंचंच हाय माज्यात. पर त्येंच्याजवळ माजी आई हुती. माज्याजवळ कोन हुतं?"



"आवं, तुमी सांगा," ती दाराकडे वळली. "त्या दिवशी माज्या हातातला इळा कुनी काढून घेतला? कुनाच्या सांगन्यावरनं?"

धनाजीचे ओठ हलले. भाऊसोने घसा साफ केला. धनाजीने पुन्हा मान खाली घातली.

"घ्या माजं रगात," बनुबाई डॉक्टरला म्हणाली. "आनि मग भावजींचं बी घ्या. लाज रगातात असती का न्हाई, त्ये तरी कळू द्या."

घरी तिची पिशवी भरून ठेवलेली होती. ती ओट्यावर बसली. थोड्या वेळाने धनाजी आला. वळचणीला खोचलेला जुना विळा त्याने काढला आणि मुठीची बाजू तिच्याकडे करून पुढे धरला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

"मला कशाला?" ती म्हणाली. "तवा पायजे हुता. त्यो घ्या आनि तुमच्या भावाच्या दारात जाऊन बोला. चार मानसांत बोला. एवढंच मागनं हाय."

तो गेला. थोरल्याचं दार समोरच होतं. भाऊसो बाहेर आला तेव्हा गल्लीतल्या बायका उंबऱ्यावर आल्या होत्या.

"काय रं?" भाऊसोने विचारलं.

धनाजी विळ्याकडे बघत राहिला.

"काय न्हाई," तो म्हणाला. "गवताला चाललोय."

आणि तो खरंच गवताला गेला.

बनुबाई उठली. पिशवी उघडून तिने लेकीच्या हळदीसाठी घेतलेलं आपलं पिवळं लुगडं काढलं, झटकलं आणि अंगणातल्या तारेवर पसरून टाकलं, गल्लीला दिसेल असं. फाट्यावर साताऱ्याची एस.टी. थांबली. बराच वेळ हॉर्न वाजला, मग गाडी निघून गेली.

ती गोठ्यात गेली. नवी म्हैस रवंथ करत होती. भाऊसो बघत असताना तिने दाव्याची गाठ सोडली, दावं गव्हाणीत टाकलं आणि चरवी घेऊन धारेला बसली.

म्हैस मोकळीच होती. ती कुठेही गेली नाही.