कापलेला करदोटा

जानेवारीतलं धुकं फरीदाबादच्या त्या सोसायटीतून लवकर हटत नाही. त्या सकाळी भाजीचा टेम्पो मागे घेताना ड्रायव्हरला बळवंतराव सबनीस दिसले नाहीत, आणि बळवंतरावांनी माकडटोपीवरून मफलर गुंडाळलेला असल्यामुळे त्यांना टेम्पो ऐकू आला नाही. टेम्पोनं त्यांना गेटच्या खांबाशी दाबलं आणि पुन्हा पुढे झाला. गेटवर जमलेला जो तो हेच सांगत होता, "ज़्यादा ज़ोर से नहीं लगा जी, बस ज़रा दब गए."

अहिल्याबाई मटार सोलायचे टाकून अनवाणीच खाली धावल्या. नात वल्लरी आधीच पोचली होती आणि फोनवर अ‍ॅम्ब्युलन्सवाल्यांना पत्ता सांगत होती. बळवंतराव फरशीवर उताणे पडले होते. शुद्धीवर होते, पण चेहऱ्यावर रक्ताचा टिपूस नव्हता.

"अगं, काही नाही," ते म्हणाले. "जरा कंबर धरलीय. हात दे, घरी जाऊन शेकतो."

"पडून राहा."

"लोक बघतायत."

"बघू देत."

मंत्रालयातून निवृत्त झाल्यावरही हा माणूस इस्त्रीची पँट घातल्याशिवाय दूध आणायलासुद्धा गेला नव्हता. आता त्याच पँटवर चिखल होता आणि त्याची त्यांना दुखण्यापेक्षा जास्त लाज वाटत होती, हे अहिल्याबाईंना दिसत होतं.

अ‍ॅम्ब्युलन्समधून एक तरुण मुलगी उतरली. खिशावर नाव होतं, डागर. बोलण्यावरून बल्लभगढकडची वाटत होती. तिनं गुडघे टेकले, नाडी धरली, कमरेच्या दोन्ही बाजूंना एकदाच हलकेच हात लावला. बळवंतरावांनी ओठ आवळले. तिनं पुन्हा हात लावला नाही. खिशातून पुढे वाकलेली, बोथट टोकाची कात्री काढली.

"पैंट काटनी पड़ेगी."

"रस्त्यात?" अहिल्याबाईंच्या तोंडून मराठीच बाहेर पडलं. मग त्यांनी हिंदी जुळवली. "काटना क्यों? ज़रा उठाओ, मैं निकाल देती हूँ."

"माताजी, उठाना ही तो नहीं है. कमर हिली तो अंदर का खून और छूटेगा."

अहिल्याबाईंनी भोवती पाहिलं. भिशीतल्या बायका होत्या, गार्ड होता, टेम्पोवाला डोकं धरून उभा होता. त्यांनी अंगावरची शाल काढून नवऱ्यावर टाकली.

"काटो," त्या म्हणाल्या. "पर अंदर. दरवाज़ा बंद करके."

डागरनं क्षणभर विचार केला आणि मान हलवली. दोन फळ्यांसारखं मधोमध उघडणारं स्ट्रेचर तिनं दोन्ही बाजूंनी त्यांच्याखाली सरकवलं, आणि बळवंतराव जराही न हलता उचलले गेले. वल्लरी स्कूटीवरून मागून निघाली. अहिल्याबाईंना ड्रायव्हरशेजारी बसवलं. मागची काच बंद होती. सायरनच्या वर त्यांना कात्रीचा आवाज येतोय असा भास होत राहिला.

त्यांच्या मनात आलं, पूर्वी असं नव्हतं. सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहत असताना कोणी पडलं की चार शेजारी चादरीत घालून तीनचाकी स्कूटरमध्ये ठेवायचे. कपडे कोण कापणार? शेजारच्या सरदारणीनं शिकवलेल्या विणीचे स्वेटर अख्खी थंडी खर्चून पुरे व्हायचे. आत्ता बळवंतरावांच्या अंगात होता तोही त्यांनीच विणलेला. गेला तर जाऊ दे, त्यांनी स्वतःला सांगितलं. स्वेटर काय, पुन्हा होईल.

इस्पितळात पोचल्याबरोबर स्ट्रेचर आत गेलं आणि मोठी दारं मिटली. वल्लरी धापा टाकत आली आणि आजीशेजारी बाकावर बसली. "बाबा गुरुग्रामहून निघालाय," ती म्हणाली. "जाम आहे पण. आजी, तुझे पाय बघ, बर्फ झालेत." तिनं स्वतःचे मोजे काढून आजीच्या पायांत घातले.

मग आतून एक आया आली. हातात पारदर्शक प्लास्टिकची पिशवी होती.

"बळवंत सबनीस? सामान है आपका."

पिशवी अहिल्याबाईंच्या मांडीवर पडली. पँटचे दोन पाय वेगवेगळे झाले होते. आतला लोकरी पायजमा. स्वेटर गळ्यापासून खालपर्यंत सरळ फाकला होता आणि वीण काठाकाठानं उसवत होती. घड्याळ होतं, चष्मा होता. हे सगळं त्यांनी पाहिलं आणि त्यांना काही झालं नाही. त्याची तयारी होती. पण पिशवीच्या तळाशी, घड्याळाच्या पट्ट्यात अडकून, काळा करदोटा पडला होता. गाठ शाबूत होती. दोरा मधोमध कापलेला होता.

अहिल्याबाईंचे हात थांबले.

बळवंतरावांच्या कमरेला करदोटा नाही असं कधी झालं नव्हतं. बारशापासून पुरुषाच्या कमरेला तो असायचाच. दर दिवाळीला अहिल्याबाई काळ्या दोऱ्याचा नवा गोफ वळायच्या, आणि बळवंतराव आधी नवा बांधायचे, मगच जुना सोडायचे. मधल्या क्षणभरही कंबर मोकळी ठेवायची नाही. नवा न बांधता करदोटा कापतात तो एकदाच, माणूस गेल्यावर. एशियाड झालं त्याच्या पुढच्या थंडीत सासरे गेले, तेव्हा क्वार्टरच्या पुढच्या खोलीत गुरुजींनी कात्री मागितली आणि थोरला मुलगा म्हणून ती बळवंतरावांच्या हातात दिली. सासूबाई तोवर पाहुण्यांच्या चहाचं बघत होत्या. करदोटा कापलेला दिसला आणि त्या दारातच खाली बसल्या.

"आजी?" वल्लरीनं विचारलं. "काय झालं? बरं नाही वाटत?"

अहिल्याबाईंनी पिशवीचं तोंड मिटलं. बोललं की ते खरं होईल, असं त्यांना वाटत होतं.

तेवढ्यात दार उघडून एक तरुण डॉक्टर बाहेर आला. हातात कागद होता. तो भरभर बोलला, निम्मं हिंदीत, निम्मं इंग्रजीत. कमरेचं हाड दोन ठिकाणी मोडलंय, आत रक्तस्राव चालू आहे, रक्त चढवतोय पण पुरत नाही. लगेच ऑपरेशनला न्यायला हवं. इथे सही करा.

"मुझे दिखाइए उनको," अहिल्याबाई म्हणाल्या.

"आंटी, अभी नहीं. सब लोग लगे हुए हैं उन पर."

"एक बार. फिर साइन करूँगी."

"आंटी, टाइम नहीं है."

"टाइम नहीं है तो जल्दी दिखाइए."

डॉक्टरनं वल्लरीकडे पाहिलं. वल्लरीनं आजीच्या खांद्यावर हात ठेवला. "आजी, प्लीज. सही कर ना, यार. तो काय सांगतोय ऐकलंस ना?"

"ऐकलं." त्यांचा आवाज एकदम थंड होता. "खोटं सांगतोय."

"काय?"

"गेलेत ते. आत काही नाहीये. आता ऑपरेशन करतील, मशीनवर ठेवतील, मग संध्याकाळी सांगतील. मागच्या ब्लॉकमधल्या भानुमतीच्या दिरांचं असंच केलं होतं म्हणे."

"म्हणे! आजी, ते सगळं व्हॉट्सअ‍ॅपवरचं असतं. काहीही काय?"

अहिल्याबाईंनी पिशवी तिच्यासमोर धरली. "हे बघ."

वल्लरीनं पाहिलं. "हा आजोबांचा काला धागा आहे. मग?"

मग? तिला कोणी सांगितलंच नव्हतं. दिल्लीत वाढलेली मुलगी. तिच्या भावाच्या कमरेला तो कधी बांधलाच नाही, सूनबाईंना आवडत नाही म्हणून. अहिल्याबाईंनी तेव्हा वाद घातला नव्हता. आता त्यांना चार शब्दांत सांगावं लागलं.

"हा मेल्यावरच कापतात."

वल्लरीचा चेहरा उतरला. तिनं पिशवीकडे पाहिलं, आजीकडे पाहिलं, आणि अचानक उठून दाराबाहेर पळाली. डॉक्टर हातातलं पेन आपटत उभा होता. "सही नहीं की तो भी दो डॉक्टर मिलके फैसला कर सकते हैं," तो म्हणाला, "पर सीनियर सर्जन दूसरे ऑपरेशन में हैं. उनको बुलाने में जो टाइम जाएगा वो आपका जाएगा. मेरा नहीं."

अहिल्याबाईंना त्याचा राग आला आणि त्या रागानं थोडा धीरही आला. मेलेल्या माणसासाठी एवढा चिडेल का हा?

वल्लरी परत आली ती डागरला हाताला धरून. डागरच्या हातात रबरी मोजे होते, पाण्यानं ओले. बाहेर स्ट्रेचर धूत असताना तिला ओढून आणलं होतं.

"ये आपने काटा?" अहिल्याबाईंनी विचारलं.

डागरनं पिशवीत पाहिलं. "हाँ जी. मैंने."

"तब वो ज़िंदा थे?"

डागर बावरली. मग तिला कळलं, आणि ती अहिल्याबाईंसमोर उकिडवी बसली. "बिल्कुल ज़िंदा थे, माताजी. कमर पे पट्टा कसना था, सीधा चमड़ी पर. पेट फूल रहा था और धागा अंदर धँस गया था. मैंने कैंची लगाई तो मेरा हाथ पकड़ लिया. बोले, बेटा, ये मत काट."

"फिर?"

"काट दिया." तिनं नजर चुकवली नाही. "मनाने बैठती तो आपको यहाँ लाश उतार के देती."

"ऐसे मत बोलिए," वल्लरी म्हणाली.

"बोलू दे तिला." अहिल्याबाई पुढे वाकल्या. "काटने के बाद क्या बोले?"

डागर थोडी अडखळली. "कुछ नहीं बोले. आँखें बंद कर लीं. नब्ज़ चल रही थी, पूरे रास्ते चल रही थी. पर उसके बाद मैंने कितना बुलाया, जवाब नहीं दिया."

ज्या माणसानं आपल्या हातानं बापाचा करदोटा कापला होता, त्याला त्या कात्रीचा अर्थ कोणी सांगायला नको होता. बळवंतरावांनी डोळे मिटले होते, कारण त्यांच्या हिशेबी सगळं उरकलं होतं. आणि बाहेर ही बायको तोच हिशेब मांडत बसली होती.

ही डागर खरं बोलत असेल किंवा धीर द्यायला खोटं. ते तपासायला आता वाव नव्हता. ते गेले असतील तर एका सहीनं त्यांचं काही बिघडणार नव्हतं. आणि नसतील गेले तर?

"पेन," त्या म्हणाल्या.

सही वेडीवाकडी आली. आयुष्यभर केलेली सही, ती त्यांची त्यांनाच ओळखू येईना. डॉक्टरनं कागद ओढून घेतला. अहिल्याबाईंनी त्याचा पांढरा कोट धरला.

"उनसे कहिए, धागा मैंने कटवाया है."

"आंटी, वो सुन नहीं रहे."

"फिर भी. कान में."

डॉक्टर कोट सोडवून आत पळाला. त्याच्याकडून होणार नाही हे दिसतच होतं. डागर उठली, ओले मोजे काढून खिशात कोंबले.

"नाम क्या है आपका?"

"अहिल्या."

"मैं बोल देती हूँ." आणि ती त्याच दारातून आत गेली. दाराजवळचा गार्ड काही म्हणाला, पण ती थांबली नाही.

ती बाहेर आली तेव्हा तिच्या खिशातला फोन वाजत होता. सेक्टरच्या पलीकडे कुठेतरी दुसरा अपघात झाला होता. तिनं अहिल्याबाईंकडे पाहून मान हलवली, होकाराची होती की निरोपाची ते समजलं नाही, आणि ती धावतच निघून गेली.

पुढचा वेळ वल्लरीनं आजीचा हात सोडला नाही. मुलगा मानस गुरुग्रामहून आला, काउंटरवर गेला, परत आला, पुन्हा गेला. अहिल्याबाईंनी पिशवीचं तोंड घट्ट पिळून धरलं होतं. कोणी चहा आणून दिला तो तसाच गार झाला. खिडकीबाहेर धुकं केव्हा निवळलं आणि पिवळं ऊन केव्हा पडलं ते त्यांना कळलं नाही. दर वेळी दार उघडलं की त्या उठत आणि दुसऱ्याच कोणाचं नाव ऐकून बसत.

शेवटी सर्जन आले. ते वयस्क होते, हळू बोलत होते. रक्तस्राव थांबला होता. हाडाचं पुढचं काम नंतर. अजून धोका आहे, पण माणूस झुंजतोय, असं त्यांनी सांगितलं. मानस भिंतीला टेकून रडला. अहिल्याबाईंनी सर्जनना वाकून नमस्कार केला आणि विचारलं, "बोले कुछ?"

"नली पड़ी है, बोलेंगे कैसे," ते म्हणाले.

तिसऱ्या दिवशी नळी निघाली तेव्हा अहिल्याबाईंना आत सोडलं. बळवंतराव यंत्रांच्या मधोमध पडले होते, गाल बसलेले, दाढी वाढलेली. इतक्या वर्षांत अहिल्याबाईंनी त्यांना दाढी न केलेलं एकदाही पाहिलं नव्हतं असं नाही, पण हे पांढरे खुंट पाहून त्यांना एखाद्या परक्या म्हाताऱ्याकडे आल्यासारखं झालं. त्यांनी खुर्ची ओढली.

"तू कापायला सांगितलास म्हणे," बळवंतराव म्हणाले. आवाज घशात घासत होता.

"कोण म्हणालं?"

"एक पोरगी. कानात ओरडत होती. अहिल्या ने बोला, अहिल्या ने बोला. बहिरा समजली मला."

"हो. मी सांगितला."

"नवा न बांधता?"

"जवळ नव्हता दुसरा. काय करणार?"

त्यांनी नजर छताकडे वळवली. यंत्र एका लयीत टिकटिकत होतं.

"मला वाटलं, संपलं."

"मलापण तसंच वाटलं."

"मग? रडलीस का?"

अहिल्याबाईंनी त्यांच्या अंगावरची चादर सारखी केली.

"वेळ कुठे मिळाला," त्या म्हणाल्या. "भांडत होते."