तिसाच्या खाली

गाडी मी दान केली असं गावात म्हणतात. खरं म्हणजे मी ती गळ्यातून काढली.

नागावात आमचं पाच खोल्यांचं होमस्टे आहे. मांडव्याच्या जेट्टीवरून पाहुणे आणायला चार वर्षांपूर्वी आम्ही इलेक्ट्रिक गाडी घेतली. तीन वर्षं गुणी मुलीसारखी चालली, मग तिला एक खोड लागली. पडद्यावर चार्ज तीस टक्के दिसायचा आणि पुढच्या पाच-दहा मिनिटांत गाडी रस्त्यातच बसकण मारायची. सर्व्हिस सेंटरवाल्याने फोनवर सांगितलं, बॅटरी गेली, नवी घाला. सुजित, माझा मुलगा, म्हणाला, "आई, विकून टाक." विकत घ्यायला दोघेजण आले, बॅटरी तपासली आणि चहा पिऊन निघून गेले.

तेव्हा मला दानधर्म सुचला.

रेवदंड्याच्या हेमांगीताई एक छोटी संस्था चालवतात. डायलिसिसच्या पेशंटना अलिबागला न्यायचं आणि परत घरी सोडायचं, हे त्यांचं मुख्य काम. मी फोन केला तर बाईंना आनंदाने बोलवेचना. मी गाडी धुऊन घेतली, झेंडूचा हार घातला, दारावर 'कोकिळा घरत यांजकडून सप्रेम भेट' असं रंगवून घेतलं. हो, ते मीच रंगवून घेतलं. शाल झाली, श्रीफळ झालं. चावी देताना हेमांगीताई म्हणाल्या, "गाडीचं काही सांभाळायचं असेल तर आमच्या काळूरामला सांगून ठेवा, ताई."

काळूराम त्यांचा ड्रायव्हर. कोळीवाड्यातला, पन्नाशीचा, इस्त्रीचा शर्ट घालून आलेला. तो कान देऊन उभा राहिला. एकच वाक्य सांगायचं होतं. पडद्यावरच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका, चाळीस दिसले की चार्जिंगला लावा. आम्ही वर्षभर तेच तर करत होतो. पण समोर फोटोवाला होता, खांद्यावर शाल होती.

"एसी फार छान थंड करतो," मी म्हणाले.

दीड महिन्याने गाडी चौलच्या अलीकडे बंद पडली. भर दुपारची वेळ. आत नीराबाई होत्या. मासळी विकून पोरं वाढवलेली बाई, सत्तरीची, नुकतीच डायलिसिस करून निघालेली. दुसरी गाडी मिळेपर्यंत सव्वा तास त्या उन्हात बसल्या आणि चक्कर येऊन पडल्या. त्यांना दोन दिवस दवाखान्यात ठेवावं लागलं. वाचल्या, हे माझं नशीब.

काळूराम सांगत होता, अलिबागहून निघताना पडद्यावर बत्तीस टक्के होते, घरी पोचायला पुष्कळ झाले असते. ते कुणालाच पटेना. बत्तीस टक्क्यांची गाडी सात-आठ मैलांत मरेल कशी? मग कुणीतरी म्हणालं, पेशंट दवाखान्यात असताना हा पर्यटकांना किनाऱ्यावर फिरवत असणार. झालं, बोलता बोलता ते खरंच ठरलं. त्याला काढून टाकायचं की नाही हे ठरवायला संस्थेची बैठक लागली आणि मानाची देणगीदार म्हणून मलाही बोलावणं आलं.

आदल्या दिवशी मला जेवण गेलं नाही. मी काही अगदीच निगरगट्ट नाही. बैठकीत काळूराम भिंतीला टेकून उभा होता. हेमांगीताई त्याला विचारत होत्या आणि तो पुन्हापुन्हा सांगत होता, "बाय, मी गाडी कुठं न्हेली न्हाय. पोरांची आन."

मी उठले. "त्याची चूक नाही," मी म्हणाले. "बॅटरी आधीपासूनच खराब होती. मला ठाऊक होतं. मी सांगितलं नाही."

आता काय ते ऐकवतील, असं मनाशी म्हणत मी टेबलाकडे बघत राहिले.

हेमांगीताईंचे डोळे भरून आले. "कोकिळाताई, किती मोठं मन तुमचं! गरिबाची नोकरी वाचावी म्हणून स्वतःवर आळ घेताय. खराब गाडी कुणी अशी हार घालून देतं का?"

टाळ्या वाजल्या. माझ्या शब्दाखातर काळूरामला एक वेळ माफ करायचं ठरलं. इथे मी पुन्हा बोलायला हवं होतं. जोरात, टेबलावर हात आपटून. मी मूग गिळून बसले. त्यांनी चहा दिला, तोही प्यायले. मला स्वतःची अशी शिसारी कधी आली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी काळूराम आमच्या ओट्यावर हजर. हातात सुक्या कोळंबीच्या वासाची कापडी पिशवी.

"रतननं सोडे दिलेत, ताय. घरचे हायेत, वाळू न्हाय त्यात." त्याने पिशवी खुर्चीवर ठेवली. रतन म्हणजे त्याची बायको. "तुमी माज्यासाठी खोटं बोल्लात. आमी इसरनार न्हाय. माजंच काय तरी चुकलं आसंल. नव्या गाडीचं मना तरी कुठं म्हाईत हाय?"

तो वाकून पाया पडायला लागला तशी मी मागे सरले.

"काळूराम, खोटं नव्हतं ते," मी म्हणाले. "तिसाच्या खाली ती गाडी बंद पडते. वर्षभर पडत होती. चावी देताना तुम्ही माझ्यासमोर उभे होतात आणि मी एसीचं बोलले."

तो तसाच अर्धा वाकलेला राहिला. मग सरळ झाला. संस्थेत बाराजणांनी जे ऐकून घेतलं नाही ते त्याला एका दमात पटलं.

"नीराबाय माजी सख्खी मावशी हाय," तो म्हणाला.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्याने खुर्चीवरची पिशवी उचलली आणि बगलेत धरली. पायरी उतरून अंगणात थांबला.

"चला," तो म्हणाला. "तिच्याम्होरं सांगा. मंग हेमांगीबायच्या हापिसात. मी संगती हाय, त्यांला पटंस्तवर."

पाहुण्यांचा नाश्ता व्हायचा होता. मी आत जाऊन गॅस बंद केला आणि त्याच्या मागून निघाले.