कोपऱ्यातली मोरवेल

गणपतरावांनी गुच्छातलं एक फूल खुडून तळहातावर घेतलं, खिशातलं भिंग काढलं आणि उन्हाकडे पाठ करून ते फुलावर वाकले. कुंपणाच्या भिंतीवर लहान पांढऱ्या फुलांचा नुसता ढीग लोटला होता. मधमाश्या त्यांच्या कानाशी गुणगुणत होत्या, पण त्यांचं लक्ष नव्हतं. तीस वर्षं कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवून ते निवृत्त झाले होते आणि नागपुरात रामदासपेठेत कुणाच्या बागेत काही अनोळखी उगवलं, की आता त्यांनाच बोलावणं जाई.

शोभाताई दोन पावलं मागे उभ्या होत्या. पदराचं टोक त्यांनी बोटाला घट्ट गुंडाळलं होतं.

"ही माझ्या भावाने आणलेलीच वेल आहे का, एवढंच मला सांगा."

"भावाने कुठून आणली होती?"

"कालिंपाँगहून. सर्व्हे खात्यात होता तो तिकडे. सत्तर सालच्या दिवाळीला आला तेव्हा ओल्या शेवाळात गुंडाळून आणली. क्लेमॅटिस म्हणाला होता, पांढरी. पुढच्या श्रावणात तो तिकडेच तापाने गेला. त्यानंतर माघात वेलीला दोन फुलं आली, आणि उन्हाळ्यात ती नाहीशी झाली. अडीच वर्षं झाली. आता त्याच जागी हे. गेलेली वेल मुळापासून पुन्हा फुटते का हो?"

"फुटते तर. फसवी जात आहे ही. वरून वाळून जाते, आपण आशा सोडतो, आणि खाली मूळ जिवंत असतं." गणपतरावांनी भिंग खाली केलं. "त्या वेलीचं फूल केवढं होतं?"

शोभाताईंनी पदर सोडून पंजा उघडला. "एवढं. माझ्या तळहाताएवढं."

"मग ही ती नव्हे." ते हसले. "कूळ तेच. पण ही आपली मोरवेल, इथल्या डोंगरातली. हे बघा, या चार पाकळ्या दिसतात ना, त्या पाकळ्या नाहीतच. कळीवरचं हिरवं आवरण असतं ना इतर फुलांना, तेच इथे पांढरं होतं. आणि महिनाभराने बघा, प्रत्येक बीला पिसासारखी शेपटी फुटेल. तुमच्या भावाची ती थंड हवेची वेल. आपल्या इथल्या उन्हात ती तगणं कठीणच होतं."

शोभाताईंनी श्वास सोडला.

"बरं झालं," त्या बोलून गेल्या.

गणपतरावांनी चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं. "बरं? मला वाटलं, तुम्हाला वाईट वाटेल."

शोभाताईंनी मान वळवली. हे कसं सांगायचं, की आठ दिवसांपूर्वी भिंतीवर पांढरं दिसल्यापासून त्यांना झोप नव्हती? भावाची वेल पुन्हा फुटली असती तर ती चोरीला गेलीच नव्हती असं झालं असतं. आणि मग जागेश्वर?

जागेश्वर त्यांच्याकडे नऊ वर्षं माळी होता. मूळचा उमरेडचा कोष्टी. मागावर पोट भरेना म्हणून बागकामाला लागलेला. बहात्तरच्या मे महिन्यात एका सकाळी शोभाताई कोपऱ्यात गेल्या तेव्हा तिथे वेल नव्हती, माती सारखी केलेली होती. आदल्याच आठवड्यात एक नर्सरीवाला फाटकाशी उभा राहून जागेश्वरला त्या वेलीबद्दल खोदून खोदून विचारत होता. "वेल कुठे गेली?" त्यांनी विचारलं, तर जागेश्वर खाली बघत उभा राहिला. एक शब्द बोलला नाही. भाऊ जाऊन वर्ष व्हायचं होतं. शोभाताईंनी त्याच दुपारी ठाण्यात तक्रार दिली. शिपायाने त्याला फाटकातून नेलं तेव्हा शेजारच्या दोन्ही गच्च्यांवर माणसं उभी होती. दुसऱ्या दिवशी सोडून दिलं म्हणे. नंतर शोभाताईंनी आळीतल्या चार घरी सांगितलं, त्याला कामावर घेऊ नका.

"पण ताई, एक गंमत आहे," गणपतराव बुंध्याशी उकिडवे बसले. "ही आपोआप आलेली नाही. लावलेली आहे. बघा, मूळ किती खोल पुरलंय, भोवती विटांचे तुकडे रचलेत, ओल टिकावी म्हणून. बुंधा बघता दोन वर्षांची तरी असेल. आणि सुरुवातीला कुणीतरी बांधलीय भिंतीवरच्या जाळीला."

शोभाताई वाकल्या. मळून काळा पडलेला जाड सुती दोरा, आणि त्यावर चपटी, लहानशी गाठ. मागावरचा तुटलेला धागा जोडताना कोष्टी मारतात ती. या बागेतला प्रत्येक गुलाब, जाईचा प्रत्येक फाटा नऊ वर्षं त्याच गाठीने बांधलेला त्यांनी पाहिला होता.

गणपतराव फूल कागदात गुंडाळून घेऊन गेले. शोभाताई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. आत अनुसया भांडी घासत होती. ती या घरात जागेश्वरच्याही आधीपासून कामाला होती.

"अनुसया, कोपऱ्यातली वेल कोणी लावली?"

अनुसयेचा हात थांबला. तिने राखेचा हात पाण्यात बुडवला, पदराला पुसला, मग म्हणाली, "जागेश्वरनं."

"केव्हा?"

"तुमी भावाच्या वर्षश्राद्धाले पुण्याले गेल्या होत्या ना, तवा. सकाळी आला, घंटाभरात लावून गेला. मले म्हणे, पाणी टाकजो वं, आन् बाईले सांगू नको. पाणी मीच टाकत होती."

"म्हणजे पहिली त्याने नेलीच होती. म्हणून ही दुसरी आणून लावली." शोभाताई हे घाईघाईने बोलल्या.

अनुसया उठून उभी राहिली. इतक्या वर्षांत ती शोभाताईंकडे अशी सरळ बघत बोलली नव्हती.

"नाई बाई. पहिली मेली. उन्हानं जळली. त्यानं उकरून पाह्यलं तं मूळ कोळशावानी काळं. माह्यासमोर खताच्या खड्ड्यात टाकलं. म्हणे, बाई आताशा भावाच्या नावानं रडून राहिली, चार दिवस जाऊ दे, मंग सांगतो. दुसऱ्याच दिवशी तुमी इचारलं."

"मग तू का नाही बोललीस?"

"शिपाई आला होता बाई." अनुसयेने मान खाली घातली. "मले वाटलं, माह्यंही काम जाईन."

नळ तसाच चालू होता. शोभाताईंनी पुढे होऊन तो बंद केला, आणि जागेश्वर आता कुठे असतो ते विचारलं.

दुसऱ्या दिवशी शोभाताईंची एसटी कुहीला पोहोचली तेव्हा अकरा वाजून गेले होते. सगळीकडे धानाची कापणी चालली होती. जागेश्वर आता बायकोच्या माहेरी राहत होता, लोकांच्या शेतावर मजुरी करत होता. विचारत विचारत शोभाताई घराशी आल्या. त्याची बायको, चंद्रकला, अंगणात धान पाखडत होती. शोभाताईंनी नाव सांगितलं, तसं तिने सूप खाली ठेवलं, एकवार त्यांना पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं, आणि खाट टाकून न बोलता शेताकडे निघून गेली.

जागेश्वर आला तो विळा घेऊनच. केस बरेच पिकले होते. चंद्रकला त्याच्यामागून येऊन आत गेली. विळा त्याने वळचणीला खोवला, हात धुतले आणि उंबऱ्यावर टेकला.

"फुलली का?" त्याने विचारलं.

"फुलली. भिंत झाकून गेली."

"मागच्या सालीही फुलली असन. थोडी. नाई दिसली?"

"मी त्या कोपऱ्यात जातच नव्हते रे."

"हं." त्याने मान हलवली. "उमरेडच्या पुढं डोंगर हाय, तिथून आणली होती. मले वाटलं, पांढरं दिसलं का बाई इचारन, कोणी लावली. मंग अनुसया सांगन. मंग बोलवन मले." तो जरासा हसला. "मागच्या दिवाळीपर्यंत वाट पाह्यली. मंग इकडं येऊन गेलो."

येताना एसटीत शोभाताईंनी बरंच काही मनात जुळवलं होतं. त्यातलं आता काही आठवेना.

"जागेश्वर, माझं चुकलं. फार चुकलं. तू काहीच का नाही बोललास त्या दिवशी?"

"बोलनारच होतो. तुमी शिपायाले बोलवाल असं वाटलं नाई." त्याने अंगणातलं एक काटूक उचललं, मोडलं. "दुसऱ्या दिवशी उमरेडले गेलो तं बुढ्यानं घरात घेतलं नाई. म्हणे, चार पिढ्या कोष्ट्याचा धंदा केला, कोणाचं सूत नाई चोरलं. मी म्हणलं, बाबा, नाई केली चोरी. तो म्हणे, मंग पोलीस उगीच नेते का गा?" काटकाचे आणखी दोन तुकडे झाले. "पोरासोरांले म्हणे, मी गेल्यावर त्याले बोलवा. तसंच केलं लोकांनी. गेल्यावर बोलावलं."

"वडील गेले?"

"अवंदाच्या होळीले."

शोभाताईंनी तोंडावर पदर धरला. जागेश्वरने त्यांच्याकडे पाहिलं नाही. तो आत वळून म्हणाला, "चंद्रकले, चहा टाक वं."

चंद्रकला दारातच उभी होती. "टाकला," ती म्हणाली. मग शोभाताईंकडे वळून, आवाज न चढवता, "बाई, आता आल्याच हा तं एक काम करा. इथल्या शाळेत बगिचा करून राह्यले. माळी पायजे त्याहिले. यानं सांगितलं का नऊ वर्षं नागपूरले काम केलं, तं हेडमास्तर म्हणे, मंग तिथली चिठ्ठी आना. चिठ्ठी कोठून आननार?"

"देते. आत्ता देते," शोभाताई खाटेवरून जवळजवळ उठल्याच.

चंद्रकलेने मुलीच्या दप्तरातून वही आणि पेन काढून दिलं. शोभाताईंनी वही मांडीवर घेतली. वर तारीख घातली, पत्ता घातला. 'श्री. जागेश्वर' एवढं लिहून पेन अडलं. नऊ वर्षं.

"पुढे काय लिहू? पूर्ण नाव?"

"जागेश्वर लहानू हेडाऊ."

"लहानू म्हणजे वडील?"

"हो."

त्यांनी ते नाव सावकाश लिहिलं. मग मात्र पेन थांबेना. कामात हुशार, झाडांवर माया, एक दिवस विनाकारण खाडा नाही. सगळं खरं होतं आणि सगळं त्यांना आत्ता लिहितानाच आठवत होतं. शेवटी त्यांनी पानाचा उरलेला भाग भरून टाकला: 'सन १९७२ साली मी त्यांच्यावर चोरीचा आळ घेतला होता. तो संपूर्ण खोटा होता. त्यांनी कधीही कसलीही चोरी केलेली नाही. चूक सर्वस्वी माझी आहे.' खाली सही केली. सही करताना हात हलका झाला. त्यांनी वही वर धरली आणि मोठ्याने वाचून दाखवलं.

चंद्रकला ऐकता ऐकता नवऱ्याकडे बघू लागली. जागेश्वर उंबऱ्यावरून उठून जवळ आला. वही हातात घेऊन त्याने शेवटच्या ओळींवर बोट फिरवलं. अक्षरं जुळवत त्याने त्या दोनदा वाचल्या.

"हे काढा, बाई."

"अरे, पण हेच तर लिहायला हवं. कुणी तुला पुन्हा..."

"इथं कोणाले मालूमच नाई." त्याने मागे, गावाच्या बाजूला हात केला. "चोरी नाई केली असं लिवलं का हेडमास्तर पह्यले इचारन, कोणती चोरी?"

चूल धुमसत होती, तिचा धूर अंगणात आला.

जागेश्वरने वही पुन्हा त्यांच्यासमोर धरली. कोरं पान उघडून.

"चांगलं काम केलं, एवढंच लिवा," तो म्हणाला. "थोडकं लिवा."